बावीस की चौतीस

मार्च लागला की आमच्या टॅलात, परदेशातल्या या उपनगरात, एकच वाक्य सगळीकडे ऐकू येतं. बसच्या रांगेत, औषधाच्या दुकानात, शेजारच्या कुंपणापलीकडून. "संध्याकाळी आता छान उजेड राहायला लागला, नाही?" ज्याला आधी सुचेल त्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने "हो ना, अगदी" म्हणून पुढे जायचं. सतरा वर्षांत मीही ते बिनचूक शिकले. यंदा मात्र पोस्टमनला ते म्हणता म्हणता मी मध्येच थांबले, कारण त्याच्या मागे फाटकात एक मुलगी उभी होती आणि तिच्या हातात एक काळी, फुगलेली पिशवी होती.

"तुम्ही पूर्वी क्लबच्या जर्सी शिवून द्यायचात ना?" तिने विचारलं. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल क्लबची ती नवी सेक्रेटरी. कुठल्याशा जुन्या यादीत तिला माझं नाव सापडलं होतं. सीझन सुरू होतोय म्हणाली, आणि डझनभर जर्सी फाटलेल्या आहेत. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "ठेव तिकडे" म्हणाले. माझं हे असंच आहे. मनात एक, तोंडात एक. पुढे जे सांगणार आहे, तेही सगळं त्यातूनच झालं.

पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिकामी केली. धुतलेल्या होत्या म्हणे, पण या कपड्यांना कितीही धुवा, वास काही जात नाही. ओलं गवत, चिखल, आणि स्नायूंवर चोळायचं ते डोळ्यांत पाणी आणणारं मलम. चार वर्षांपूर्वीच्या त्या वसंतात आमचं घर फेब्रुवारीपासून जूनपर्यंत याच वासाने भरलेलं होतं. फोडणी घातली तरी वरचढ तोच. "हे घर आहे की तालीम?" असं माझा नवरा अवि दारातून आत येताना रोज विचारायचा. अवि इथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. लोकांना झोपवणं हा त्याचा धंदा, आणि घरी आला की तो स्वतःच झोपतो. त्यामुळे सामन्यांना मी एकटीच जायची.

मी या देशात आले ती अविची बायको म्हणून. व्हिसावर तसंच लिहिलेलं होतं, त्यात लाजायचं काय. सांगलीहून येताना शिवणाचं मशीन आणता आलं नाही, म्हणून इथे आल्यावर तिसऱ्या महिन्यात पहिलं काय घेतलं असेल तर ते मशीन. शाळेच्या स्कर्टांची उंची कमी करणं, चर्चमधल्या कम्युनियन-सोहळ्याच्या पांढऱ्या फ्रॉकांना फिती लावणं, कुणाच्या जाड झालेल्या नवऱ्याच्या पँटी सैल करणं. यात अर्धी गल्ली माझ्या ओळखीची झाली. आमचा मुलगा निषाद आलो तेव्हा नऊ वर्षांचा होता. आता तो सव्वीसचा आहे. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, तेही अशा सुरात की फोनवर ऐकणाऱ्याला वाटावं हा इथलाच कुणी शॉन. त्याचं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय, कारण माझ्या कानात ते तसंच उतरतं.

निषादला हा खेळ कॉलेजात लागला. त्याआधी त्याने सगळं करून पाहिलं होतं. पण इथली पोरं चालायला लागतात तीच हातात हर्लिंगची, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाची, काठी घेऊन. त्यांच्यात नवव्या वर्षी जाऊन कोण काय करणार? अमेरिकन फुटबॉल त्याला आवडला तो यासाठी की तिथे सगळेच नवखे. "आई, इथे सगळे एकाच वेळी मूर्ख असतात," असं तो म्हणाला होता, आणि त्या वर्षी मी त्याला पहिल्यांदा मनापासून खूश पाहिलं.

खेळ मला तेव्हा कळत नव्हता आणि आता कळतो म्हणायची हिंमत नाही. एवढं कळलं, की अंड्याच्या आकाराचा चेंडू एका पोराच्या हातात देतात आणि तो समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत शिरतो. ते त्याला पाडतात. मग सगळे उठतात, कोंडाळं करून कुजबुजतात आणि पुन्हा तेच. त्या शिरणाऱ्याला म्हणतात रनिंग बॅक. टीममध्ये तसे दोघे होते आणि जागा एक. चौतीस नंबरचा आमचा निषाद आणि बावीस नंबरचा ओशीन. पहिला दमला की दुसरा जातो, त्यामुळे मैदानात थोडं थोडं दोघांनाही मिळतं. पण सामना सुरू होताना कोण उतरणार, सगळी इज्जत त्यात. निषादचं ते शेवटचं वर्ष. आधीची दोन वर्षं तो वरच्या पोरांच्या मागे थांबला होता. ती पास होऊन गेली, आणि आता त्याची पाळी होती. मला ती जागा हवी आहे असं तो एकदाही बोलला नाही. पण सकाळी सहाला टेकडीवर धावायला जायचा आणि परत आला की बूट बाहेर ठेवून अंगणातच पाच मिनिटं गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहायचा. खिडकीतून मला दिसायचं.

आता ती माणसं सांगते. त्या मैदानाच्या कडेला पंचवीस-तीस जण जमायचे. आईबाप, मैत्रिणी, जुने खेळाडू, दोन कुत्रे. आणि डेस. डेस हा निवृत्त बसड्रायव्हर, त्याचं कॉलेजात कुणीच शिकत नव्हतं. टीव्हीवर तरुणपणापासून हा खेळ पाहत आलेला, म्हणून यायचा. बावीस की चौतीस, हा वाद त्याने फेब्रुवारीत काढला आणि जूनपर्यंत मिटू दिला नाही. "बावीसकडे वेग आहे, वेग शिकवून येत नाही," असं एका शनिवारी म्हणायचा. पुढच्या शनिवारी म्हणायचा, "चौतीस बघा, दोन माणसं अंगावर घेऊन पुढे जातो, चिखलात असला माणूस लागतो." सांगलीची मी, कुस्तीच्या जोडीवरून अख्खी पेठ दोन महिने एकमेकांशी न बोललेली पाहिलेली आहे, वाद मला नवीन नाहीत. पण तिकडे माणूस एकदा एका बाजूला गेला की मरेपर्यंत तिकडेच. इथे सगळे दर आठवड्याला बाजू बदलायचे, आणि वर "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो" म्हणायचे. बावीस धावला की लोकांना चौतीस आठवायचा, चौतीस धावला की बावीस. फोनवरच्या ग्रुपमध्ये रविवारभर तेच. मी वाचत बसायची आणि शेवटी डोकं गरगरायचं.

गंमत म्हणजे या खेळात एक साखळी असते. दोन माणसं दोन काठ्यांना बांधलेली साखळी घेऊन मैदानात धावत येतात आणि चेंडू ठरल्या जागेपर्यंत पोचला की नाही ते मोजतात, अगदी बोटाच्या पेरापर्यंत. सगळे श्वास रोखून बघतात. पण तो चेंडू तिथे ठेवलेला असतो पंचाने, नुसत्या अंदाजाने. वीस पोरांच्या ढिगाऱ्याखाली तो नक्की कुठे होता, ते कुणी पाहिलेलं असतं? मी हे डेसला विचारलं. तो म्हणाला, "असले प्रश्न नाही विचारायचे." त्या सीझनमध्ये मला पडलेला तो एकमेव शहाणा प्रश्न होता, असं अजूनही वाटतं.

जर्सी माझ्याकडे यायला लागल्या त्या मार्चमध्ये. क्लब गरीब, नव्या घ्यायला ऐपत नाही, आणि निषादची आई शिवते हे कळलेलं. दर सोमवारी मशीनपुढे ढीग. कापड जाळीचं, सरकणारं, सुई सारखी घसरायची. तिसऱ्या-चौथ्या सोमवारी माझ्या लक्षात एक गोष्ट आली. चौतीस नंबर नेहमी पुढून फाटायचा. छातीवर, खांद्याच्या पुढे, गळ्याशी. बावीस नंबर मागून. पाठीवर, कमरेच्या वर, कधी कधी नुसतं खालचं टोक ताणलेलं. म्हणजे आमच्याला लोक समोरून धरत होते, आणि ओशीन समोरच्यांना सापडतच नव्हता. धरला तर मागून, तोही निसटता. मी दोन्ही जर्सी शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. मैदानावरचा सगळा वाद तिथे टेबलावर मिटलेला होता. मला खेळ कळत नसेल, पण कापड कळतं. हे मी कुणालाही सांगितलं नाही, अविलाही नाही. छातीवरची फट बारीक टीप घालून शिवली आणि आतून पट्टी लावली, म्हणजे पुन्हा तिथेच फाटणार नाही.

आणि मग तो चहा. एप्रिलमधला सामना आम्ही जिंकलो होतो, निषाद छान खेळला होता. सामन्यानंतर क्लबच्या खोलीत चहा आणि हॅमची सँडविचं. मी माझे भाजणीचे वडे नेले होते, ते संपलेही होते. डेस भरलेला कप घेऊन माझ्यापाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमचा पोरगा आज वाघासारखा खेळला. पुढच्या सामन्याला त्यानेच सुरुवात करायला हवी. काय म्हणता?"

आता आपल्याकडे कुणी आपल्या पोराची तोंडावर स्तुती केली तर आपण काय करतो? माझ्या आईने हेच केलं, आजीने हेच केलं. "छे हो, कसलं काय," म्हणायचं आणि पोराचा एखादा अवगुण पुढे करायचा. पोरगा शेजारी उभा असला तरी. बोर्डात आलेल्या मुलाची आई पेढे वाटताना "वेंधळा आहे हो नुसता" म्हणते ती काही उगाच नाही. स्तुती अंगावर ठेवून घेणं वाईट दिसतं, आणि दृष्टही लागते. मी विचार केलाच नाही. तोंड आपोआप चाललं.

"छे हो डेस, कसलं काय," मी म्हणाले. "त्याच्या हातात काही टिकतं का? कपाटातून कप काढायला सांगा, आठवड्याला दोन फोडतो. खरा खेळाडू ओशीन. तोच हवा."

सगळे हसले. मीही हसले. साखरेच्या भांड्यापाशी मिक उभा होता, टीमचा कोच, एरवी शाळेत भूगोल शिकवणारा माणूस. तोही हसला आणि चमचा ढवळत राहिला. निषाद दारात बूट काढत होता. त्याने वर पाहिलं की नाही, ते मला आठवत नाही. कितीही आठवायचा प्रयत्न केला तरी तेवढीच जागा कोरी राहते.

पुढचा सामना भर पावसात झाला. मिकने निषादलाच उतरवलं. तिसऱ्याच धावेला त्याच्या हातातून चेंडू सुटला. साबणासारखा निसटला, समोरच्यांनी उचलला, आणि संपलं. या खेळात रनिंग बॅकने चेंडू सोडणं म्हणजे काय पाप असतं, ते मला त्या दिवशी लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "त्याच्या आईने आपल्याला आधीच बजावलं होतं." खाली हसणारे चेहरे, फुटलेल्या कपाचं चित्र. सोमवारपर्यंत निषादचं नाव 'कप्स' पडलं होतं. डेसने तर जाहीर करून टाकलं, की ज्या पोराची आईच म्हणते त्याच्या हातात टिकत नाही, त्याच्याबद्दल आता वाद कसला. पुढच्या शनिवारी ओशीन उतरला. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

ओशीनची आई बर्नी माझी मैत्रीण. उंच, हाडकुळी, पाऊस असो नसो तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी. मी तिला म्हटलं, "अगं, तूसुद्धा ओशीनला नावं ठेवतेसच की. परवा म्हणालीस, त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो काय गोल शोधणार." ती म्हणाली, "हो, पण मी खोटं बोलत होते गं. सगळ्यांना माहीत असतं. तू कप मोजून सांगितलेस."

यावर मी फार विचार केला. इथल्या आयाही आपल्यासारख्याच, पोराची स्तुती झाली की लगेच झटकून टाकणाऱ्या. मला वाटलं होतं, चला, एक गोष्ट तरी सारखी निघाली. पण ती सारखी नव्हतीच. त्या पोराला नावं ठेवतात ती खोटी खोटी, आणि आपण ठेवतो ती खरी. आपल्याकडे ऐकणाऱ्याला माहीत असतं की ही आई आतून फुगलेली आहे, म्हणून खरंही खपून जातं. इथे तसं कोण ऐकणार? आणि कपांचं म्हणाल, तर ते खरंच होतं. त्या वर्षी माझ्या कपाटात सहापैकी एकच धड कप उरला होता.

मग मी दुसरी चूक केली. आपण बिघडवलं ते आपणच नीट करू, ही माझी जुनी खोड. एका दुपारी बसून मी ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला. निषाद किती कष्टाळू आहे, सकाळी सहाला कसा धावतो, ते कपाचं मी गमतीत म्हटलं होतं, आणि माझ्या मते चौतीस नंबरनेच सुरुवात करावी. दोनदा वाचला, पाठवून दिला. ज्या ग्रुपवर कुत्र्याच्या आंघोळीलाही वीस उत्तरं यायची, तिथे शेवटी एकट्या डेसचा अंगठा. आपल्या पोराची अशी उघड वकिली इथे कुणीच करत नाही, हे मला बर्नीने फोन करून हळूच सांगितलं. तेवढंच काय ते इथे अक्षम्य.

निषाद घरी आला तो लाल होऊन. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता. बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "आई, तू एक काय ते ठरव." आणि वर गेला. पुढचे दोन आठवडे तो माझ्याशी जेवण, चावी आणि वायफाय यांपलीकडे काही बोलला नाही.

एक काय ते ठरव. बरोबरच होतं त्याचं. पण मला अजून ठरवता आलेलं नाही. ते वाक्य मी रीत म्हणून बोलले, असं अविला सांगितलं, आणि तो म्हणाला, "मग झालं तर." पण नुसती रीत असती तर "आळशी आहे" म्हणाले असते, "अव्यवस्थित आहे" म्हणाले असते. नेमकं हातात टिकत नाही हेच का सुचलं? आणि वर 'ओशीनच हवा' कशाला? कधी वाटतं, त्या दोन जर्सी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि खरं ते तोंडातून निसटलं. कधी वाटतं, याहून वाईट होतं. दर सोमवारी मी ती फाटलेली छाती शिवत होते. प्रत्येक फटीमागे कुणाचं तरी डोकं माझ्या पोराच्या बरगड्यांवर आपटलेलं होतं. मला तो बाकावर हवा होता, कोरड्या कपड्यांत, धडधाकट. हे लिहितानाही लाज वाटते. आणि खरंच बाकावर बसला तेव्हा मला तेही बघवेना. हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला, पाय हलवत, ओशीन धावला की इमानदारीत टाळ्या वाजवणारा. मी सारखी घड्याळ बघायची, याला आत कधी घेतील म्हणून. आत घेतला की डोळे मिटून घ्यायची. एकाच दुपारी दोन्ही. कोण समजून घेणार असल्या बाईला?

मिकला विचारायचं कितीदा मनात आलं. अहो, तुम्ही माझ्यामुळे बदललंत का? एकदा पार्किंगमध्ये तो समोर आलाही. मी विचारलं, "सहावीच्या भूगोलात आता काय चाललंय?" तो म्हणाला, "नद्या." झालं आमचं बोलणं.

शेवटचा सामना जूनमध्ये झाला. उजेड इतका की आठ वाजले तरी दुपार वाटावी. डोंगराच्या बाजूने वारा, गवत कापल्याचा वास, कुणीतरी डब्यातून स्ट्रॉबेरी फिरवत होतं. ओशीनने सुरुवात केली आणि असा धावला की माझ्याही तोंडून वाहवा निघून गेली. निषादला तिसऱ्या भागात घेतलं. त्याला चार वेळा चेंडू मिळाला. चारही वेळा तो सरळ भिंतीत शिरला, चारही वेळा पडला, प्रत्येक वेळी थोडासा पुढे जाऊन. चेंडू एकदाही सुटला नाही. मी या चार वेळा डोळे उघडे ठेवले, मुद्दाम. मग मिकने त्याला बाहेर बोलावलं, ओशीनने आत जाताना त्याच्या हेल्मेटवर थोपटलं, आणि निषादचा कॉलेजचा खेळ संपला. आम्ही थोडक्यात हरलो. डेस म्हणाला, चौतीसला आधी घ्यायला हवं होतं, तो पहिल्यापासून हेच म्हणत होता.

घरी येताना मी गाडी चालवत होते. काचांवर वाफ धरली होती. "ठीक आहेस ना?" मी विचारलं. "ग्रँड," तो म्हणाला. इथे 'ग्रँड' म्हणजे छान, 'ग्रँड' म्हणजे चालेल, आणि 'ग्रँड' म्हणजे आता विचारू नकोस. मी विचारलं नाही. ती शेवटची जर्सी मी शिवली, पुढून, आणि क्लबला परत दिली. त्यानंतर आम्ही दोघं या विषयावर कधी बोललो नाही. बावीस नाही, चौतीस नाही.

त्याला नोकरी लागली, शहरात ग्रँड कॅनाल डॉक भागात. तिथे तो दोन मित्रांबरोबर राहतो, कामावर सायकलने जातो, रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. चार वर्षांत माझ्या मनात मात्र तो चहा थंड झाला नाही. कुणी बाळाला बघून "काय गोड आहे" म्हटलं आणि त्याची आई "रडका आहे हो" म्हणाली, की मी घाईघाईने बाळाचीच बाजू घेते. त्या एका वाक्याने मी माझ्या पोराची जागा घालवली, असं मी धरून चालले होते. धरून चालणं म्हणजे पूर्ण खात्रीही नाही, आणि सुटकाही नाही.

परवाच्या रविवारी निषाद आला तेव्हा टेबलावर जर्सींचा ढीग तसाच होता. त्याने एक उचलली, वास घेतला, तोंड वाकडं केलं, हसला आणि ढीग खुर्चीवर सरकवून जेवायला बसला. अवि कामावर होता. मी आमटी वाढली. आता विचारायचंच, असं काही मी ठरवलेलं नव्हतं. पळी हातात होती आणि विचारून मोकळी झाले.

"खरं सांग. त्या दिवशी मी चहाच्या वेळी ते बोलले नसते, तर मिकने पुढेही तुलाच उतरवलं असतं ना?"

त्याने घास थांबवला. "मिकने?" मग तो खरोखर हसला. "आई, मिकला ते आठवतही नसेल. तो सगळ्या सामन्यांचे व्हिडिओ बघून आकडे काढायचा. ओशीन माझ्यापेक्षा चांगला होता. मार्चपासूनच होता. मैदानावरच्या कुत्र्यांनाही ते माहीत होतं."

"आणि तुला?"

"मला सगळ्यात आधी."

चार वर्षांचं ओझं इतक्या सहज उतरेल असं मला वाटलं नव्हतं. मी खुर्चीत बसलेच. हायसं वाटलं, आणि लगेच रागही आला. माणसाने सांगायला नको का? "मग एवढा चिडलास कशाला?" मी म्हणाले. "दोन आठवडे तोंड उघडलं नाहीस. मी इथे चार वर्षं झुरतेय की माझ्यामुळे तुझी जागा गेली."

तो भात कालवत राहिला. कालवून झाला होता तरी कालवत राहिला.

"जागेचं नव्हतं ते," तो म्हणाला. "सगळ्यांना दिसत होतं की तो चांगला आहे, ते चालत होतं मला. फक्त मला वाटायचं, तुला दिसत नसेल. तुला वाटत असेल, मीच." आणि मग, ताटाकडेच बघत, "तू मोठ्याने म्हणालीस तेव्हा कळलं, की तुलाही दिसतंय."

अशा वेळी काय बोलायचं असतं, ते मला सांगलीत कुणी शिकवलं नाही आणि इथेही नाही. तूच चांगला होतास, असं म्हणावं तर ते त्याला खोटं वाटणार. नव्हतास म्हणावं, तर तसंही मला कुठे वाटत होतं? ती चार वेळा भिंतीत शिरलेली पाठ मला आत्ताही दिसत होती. मी उठले, आणि त्याच्या ताटात भात वाढला. तो नको म्हणाला. मी आणखी थोडा वाढला.